निम्मी पेटी

"हा क्रॉस बनायचा बंद होऊन पंचवीस वर्षं झाली, साहेब," भंगारवाले रज्जाकभाई म्हणाले. तरी मी ढीग उपसतच राहिलो. सकाळपासूनचं हे सातवं दुकान.

अण्णा गेल्यावर त्यांच्या दोन जुन्या फियाट आम्ही भावांनी वाटून घेतल्या. मग हट्टाने सुट्या भागांची पेटीही निम्मी निम्मी केली. इंजिनाचा जोर चाकांकडे नेणारा नवा शाफ्ट माझ्या वाट्याला आला, तो जोडायचा क्रॉस धाकट्याच्या. दोन वर्षं माझी गाडी उभीच आहे. आमचं बोलणंही बंद.

"मागल्या आठवड्यात एक जण असाच उपसत होता," रज्जाकभाई म्हणाले. "क्रॉस आहे म्हणाला, शाफ्ट कुठे मिळेना. नंबर ठेवून गेलाय. सांगू?"

ग्रीसने काळे झालेले हात मी पँटलाच पुसले आणि फोन काढला.

"नको. पाठ आहे."