मागे मी आहे ना!

मानेतली नस दबल्यापासून माझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट बधिर आहे. घरी साध्या बाटलीचं झाकण उघडायलाही बायको लागते. टीममध्ये मात्र सहा महिने कुणाला पत्ता लागू दिला नाही. गोलकीपरची बोटं गेली म्हटल्यावर त्याला ठेवणार कोण? नशिबाने या मोसमात बॉल माझ्यापर्यंत फारसा येतच नव्हता. सलग पाच मॅच आमच्यावर एकही गोल झाला नव्हता.

आज मॅच संपवून खोलीत आलो, तर डिफेन्सचे चौघंही बर्फाच्या पिशव्या लावून बाकांवर आडवे पडले होते. कुणाची बरगडी काळीनिळी, कुणाची मांडी. मी माझी बाटली उघडून घटाघट पाणी प्यायलो.

"प्रत्येक शॉटला अंग कशाला आडवं घालता रे?" मी हसत म्हणालो. "मागे मी आहे ना!"

चौघांतल्या कॅप्टनने डोळे न उघडताच विचारलं, "दादा, तुझ्या बाटलीचं झाकण रोज आधीच सैल करून कोण ठेवतं, असं वाटतं तुला?"