घोंगडीआड

डाग काढायला वसुधाने दुरुस्तीला आलेलं वीतभर छापचित्र पाण्यात सोडलं आणि ती झटकन त्यावर वाकली. अडीचशे वर्षांपूर्वीच्या विलायती कुरणातली झाडं, मेंढ्या सगळं जागच्या जागी होतं. घोंगडी पांघरलेला धनगर मात्र विरघळत चालला होता.

"काका, छापाची शाई अशी सुटत नाही. हा धनगर नंतर कुणीतरी टाकाने काढलाय," ती चित्राच्या मालकांना कशीबशी म्हणाली.

घोंगडी धुऊन गेली. तिच्याखाली लांडगा होता, थेट समोर बघणारा.

ऐंशीचे गुप्तेकाका खुर्चीत बसले. "हे लहानपणी माझ्या पलंगासमोर असायचं. लांडग्याच्या भीतीने मी झोपायचोच नाही. मग एक दिवस बाबा म्हणाले, बघ, धनगर आला, लांडगा पळाला."

चित्रावरची नजर ते काढेनात.

"पोरी, आज हे इथेच ठेवशील?"