दाराजवळची जागा

हॉलची मांडणी दाखवणारं नवं सॉफ्टवेअर घ्यावं का, हे हॉटेलमालकांनी मॅनेजरबाईंवर सोपवलं होतं. विक्रेत्याने पडद्यावर हुबेहूब त्यांचा हॉल उभा केला. बाईंचं कुतूहल चाळवलं. “बसलेल्या पाहुण्याला काय दिसतं, तेही कळतं का?” “कळतं की. कुठली जागा बघायची?” बाईंनी दाराजवळची जागा दाखवली. व्हीलचेअरवरच्या पाहुण्यांना येणंजाणं सोपं जावं म्हणून बाई त्यांना कायम तिथेच बसवत. पडद्यावर नुसता खांब आला. स्टेज कुठेच नव्हतं. त्यांनी तडक घरी फोन लावला. “आई, इथे माझं लग्न लागलं तेव्हा तुझी व्हीलचेअर खांबापाशी होती. तुला काही दिसलं होतं का?” आई म्हणाली, “ऐकू छान येत होतं गं.” फोन ठेवून बाई विक्रेत्याकडे वळल्या. “पुढच्या आठवड्यात इथेच बहिणीचं लग्न आहे. तोवर हे सॉफ्टवेअर बसवून द्याल?”