गालातली सुपारी
जयपूरच्या ऑफिसात एकाग्रता मोजायला कपाळाला लावायचे पट्टे आले. स्क्रीनवर साहेबांची रेघ सगळ्यांत उंच. माझी बघून ते भर मीटिंगमध्ये म्हणाले, "सुलोचनाबाई, तुमचं डोकं चालतच नाही," आणि माझं प्रमोशन अडवलं. पट्टा मेंदूतली बारीकशी वीज टिपतो. पण जबडा हलला की स्नायूंची दांडगी वीजही मेंदूचीच धरतो. माहितीपुस्तिकेत हे वाचताना साहेबांच्या गालातली कायमची सुपारी आठवली. मुद्दाम गप्प बसले. दोन महिन्यांनी दिल्लीचे मोठे साहेब आले. आमचे साहेब पट्टा चढवून रेघ मिरवायला लागले. मी कचऱ्याची बादली पुढे केली. "साहेब, सुपारी थुंकून दाखवा." मोठे साहेब म्हणाले, "थूकिए, थूकिए." जबडा थांबला आणि रेघ धाडकन खाली आली, माझ्याहून खाली. टेबलावरची सुपारीची डबी मी आमच्या साहेबांच्या हातात ठेवली. "घ्या साहेब, तुमचं डोकं."