मशीनचा कोपरा

"मशीन इथून हलणार नाही," रत्नप्रभा म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली.

प्रल्हादराव मोजपट्टी घेऊन तिच्या डोक्यावर उभे होते. "मग वूफर काय माझ्या मांडीवर ठेवू?"

तिनं दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं.

रेल्वे क्वार्टरची खोली ती केवढीशी! बरोब्बर मधोमध प्रल्हादरावांची वेताची खुर्ची. समोर टेपरेकॉर्डर आणि दोन स्पीकर. मागच्या कोपऱ्यात हातमशीन, बसायचा पाट आणि बगरू गावच्या छापील कापडांचा ढीग. चांदपोल बाजारातल्या दुकानात त्यांनी दोन वूफर, म्हणजे खर्जाचे मोठे स्पीकर, बघून ठेवले होते. आठ इंची टेबलाखाली सहज मावला असता. बारा इंचीचा खोका मात्र लहानशा कपाटाएवढा. दुकानदारानं आपला हात जमिनीपासून वर नेत सांगितलं होतं, "साब, कमरा छोटा है, आठवाला काफी है. लेकिन आवाज पेट में उतरनी चाहिए, तो बारह लीजिए."

पोटात! प्रल्हादराव तिथंच विरघळले. त्यांना नेमकं तेच हवं होतं.

त्यांच्याकडे एक कॅसेट होती. कराडकडच्या त्यांच्या गावातल्या देवळातलं भजन कुणीतरी भरून घेतलं होतं, आणि त्यात पखवाजावर नाना होते. प्रल्हादरावांचे वडील. नाना गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. लहानपणी प्रल्हाद भजनात त्यांच्या गुडघ्याला डोकं टेकून झोपायचा. पखवाजाच्या डाव्या तोंडावर नाना ओली कणीक थापायचे आणि मग त्यांचा डावा हात पडला की आवाज कानात नाही, पोटात यायचा. झोपेतही कळायचं, नाना आहेत. कणीक मळून द्यायचं काम घरातल्या बायकांचं. आधी आई मळायची, मग सून आली.

कॅसेटवर तो डावा हातच नव्हता. टाळ होते, गळे होते, उजव्या हाताची टकटक होती. प्रल्हादरावांनी स्पीकर बदलून पाहिले, टेपरेकॉर्डरचं तोंड बदललं, ऐकताना कूलर बंद करून भर उन्हाळ्यात बायकोला घामाघूम केलं. नाना अर्धेच यायचे. रत्नप्रभा अधूनमधून म्हणायची, "येतंय की ऐकू. इकडे येऊन बसा ना जरा." प्रल्हादराव हातानंच तिला गप्प करायचे. हिला गप्पा मारायला माणूस हवं, गाण्यातलं हिला काय कळतंय! पण एक गोष्ट ते मान्य करत. टेप सुरू झाली की ती मशीन थांबवायची. आपल्याला त्रास नको म्हणून थांबवते बिचारी, असं त्यांना वाटायचं आणि ते मनातल्या मनात तिला चांगलं म्हणायचे.

"मागच्या व्हरांड्यात उजेड किती छान येतो," ते आता मऊ आवाजात म्हणाले. "तिथं बस की. उद्या सुतार येतोय मापाला."

"तुमच्या नानांसाठीच ना सगळं?" तिनं विचारलं.

"मग कुणासाठी?"

ती उठली. कापडांचा ढीग उचलून आत निघून गेली. डोळे भरले होते की काय, ते प्रल्हादरावांनी पाहिलं नाही. त्यांनी कॅसेट लावली, कूलर बंद केला आणि माप घ्यायला कोपऱ्यात शिरले.

दुपार कलली होती. दारावरचा वाळ्याचा पडदा अजून ओला होता आणि त्यातून गाळून येणारा उजेड फरशीवर हिरवट सांडला होता. लांब यार्डात एक इंजिन शिटी देऊन गप्प झालं. भिंतीची रुंदी घेता घेता गुडघे दुखले म्हणून प्रल्हादराव तिच्या पाटावर टेकले. पाठ कोपऱ्याला लागली.

आणि पोटात काहीतरी हललं.

आधी त्यांना वाटलं, मालगाडी जातेय. मग पुन्हा आलं. खोल, गोल, सावकाश. भिंतीतून पाठीत, पाठीतून पोटात. मोजपट्टी हातातून सुटली. देवळातला धूर, तेलाचा वास, नानांच्या धोतराचा खरखरीत स्पर्श, सगळं त्या एका आवाजामागून आलं. ते धडपडत उठून आपल्या खुर्चीपाशी गेले. तिथं टकटक. पुन्हा पाटावर येऊन बसले. नाना. पूर्ण नाना, दोन्ही हातांचे. आवाज खोलीत कायमच होता. फक्त मधोमध बसणाऱ्याला तो मिळत नव्हता.

प्रल्हादरावांनी डोकं भिंतीला टेकवलं. लहान मुलासारखं त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं.

डोळे उघडले तेव्हा रत्नप्रभा दारात उभी होती. त्यांनी सरकून पाटावर तिला जागा केली. ती येऊन खेटून बसली.

"अगं, तुला हे... कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून," ती म्हणाली. मग जरा वेळ ऐकत राहिली आणि चूक पकडली जावी तशी ओशाळून हसली. "कणीक सैल झालीय बघा. नवी सून होते मी, त्या दिवशी पाणी जास्त पडलं माझ्या हातून. मामंजी कुणाला काही बोलले नाहीत."