एक दिवस तिचा

त्या पत्राला क्लॅरी ड्युहर्स्टने उत्तर दिलं नव्हतं. तीन आठवडे ते त्याच्या खिशात घडी होऊन पडलं होतं. तुमच्या कुत्रीच्या रक्तात रानडुकरांचा ताप सापडला आहे, तिच्यावर खात्रीचा इलाज नाही, तिच्यापासून माणसांनाही लागण होऊ शकते, तिला मरण देण्यास संमती असल्यास सोबतच्या कागदावर सही करून तो पाठवावा, असं पशुखात्याने कळवलं होतं.

तोच ताप त्यालाही होता. शिकारीचं डुक्कर फाडताना बोट कापलं होतं. दवाखान्यातून लाल कॅप्सूल सुरू होऊन महिना झाला, आणि आज ताप पुन्हा चढला होता. कंबर तर धरलीच होती.

"एकही चुकवली नाहीस ना?" नर्स शेरिलने विचारलं.

"डबी बघ की. मोजून घे."

"डबी रिकामी होतेय रे. तू का बरा होत नाहीस?"

क्लॅरी गुडघ्यावरची टोपी फिरवत राहिला. शेरिल खिडकीशी गेली. बाहेर त्याच्या गाडीच्या चाकाशी बांधलेली कुत्री टिली मुतायला बसली होती. पांढऱ्या धुळीतून नारिंगी ओघळ वाहत होता.

शेरिल जागीच थिजली. या कॅप्सूलने लघवी नारिंगी होते, घाबरू नकोस, हे तिनेच क्लॅरीला बजावलं होतं.

"क्लॅरी... तू तिला..."

"एक दिवस मी, एक दिवस ती." तो जमिनीकडे बघत म्हणाला. "ताप एकच ना? मग मला इलाज आहे आणि तिला नाही, असं कसं?"

"अरे गाढवा! अर्ध्या औषधाने जंतू मरत नाहीत, तालमीत तयार होतात! तुझा मणकाच तपासायला पाठवते आता." तिने चिठ्ठी लिहायला घेतली. "झोपते कुठे ती?"

"माझ्या पायाशी." टोपी फिरायची थांबली. "सुट्टीत नात आली की नातीच्या पलंगावर."

मग क्लॅरीने पेन मागितलं. खिशातला कागद उलगडून त्याने सही केली, आणि खाली एक ओळ लिहिली : 'तिचं डोकं मी धरीन.'

पोस्टाची पेटी कोपऱ्यावरच होती. पाकीट आत पडल्याचा आवाज त्याने ऐकला. मग टिलीला सोडून पुढच्या सीटवर घेतलं.

आज तिचा दिवस होता. त्याच्याकडे बघत तिने तोंड उघडलं आणि वाट पाहत राहिली.