नळातलं सारवण

विंझरच्या सगुणाबाईंच्या नळाची धार सुतासारखी बारीक झाली, तेव्हा भोरहून नूरुद्दीन मिस्त्री आले.

"आतून चुना धरलाय, मावशी. पाइप बदलावा लागंल," ते म्हणाले.

भर दुपारी त्यांनी लोखंडी पाइप करवतीनं कापला. भिंतीकडच्या तोंडातून थेंब थेंब पाणी गळत राहिलं. कापलेला तुकडा त्यांनी ठोकून उभा फोडला. आत क्षारांचा पांढरा, जाड थर होता आणि त्यावर वळणं उमटली होती. जमीन सारवताना बोटांची उमटतात तशी, एकाला लागून एक.

वीस वर्षं नूरुद्दीन पाइप कापत होते. असा थर त्यांनी कधी पाहिला नव्हता.

सगुणाबाई खाली बसल्या. त्यांनी वळणांवरून अलगद हात फिरवला.

"माझी लेक तानू असंच सारवायची. करंगळी उचलून," त्या म्हणाल्या. "ह्यो नळ यायच्या आदल्या साली हिरीवर पाण्याला गेली, ती वर आलीच न्हाई. त्याच हिरीचं पाणी येतं ह्या नळाला."

नूरुद्दीननी भिंतीलगतचा आणखी एक तुकडा कापून फोडला. तीच वळणं होती. पण इथला थर लोण्यासारखा मऊ होता, नुकताच हात फिरवल्यागत.

सगुणाबाईंनी भिंतीतल्या पाइपापाशी तोंड नेलं.

"दमली असशील, बाय," त्या हळूच म्हणाल्या. "पुरं आता."

गळणारं पाणी थांबलं.